बर्रमधली मोकळी जागा

जनाबिया, बहरीन
१२ मे

ती. वन्सं यांना,

उल्काचा नमस्कार. साष्टांग लिहीत नाही. गुडघ्यामुळे ते मला आता जमत नाही, आणि जे जमत नाही ते कागदावर लिहिलेलं तुम्हाला चालत नाही. मी बरी आहे. तुमची रक्तदाबाची गोळी बदलली असं वरुणने कळवलं. नव्या गोळीने पाय सुजले तर लगेच डॉक्टरांकडे जा. 'वयच झालं' म्हणत घरी बसू नका.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर उत्तर दिलं असतं, पण तुमचं कानाचं यंत्र आणि माझा आवाज यांचं पटत नाही. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते वरुण तुम्हाला वाचून दाखवणार. नातू गुणी आहे, पण तो रोज आमच्या कश्मिराशी बोलतो. तेव्हा कागदच. इथल्या मंडळातली भक्ती परवा पुण्याला निघाली आहे, तिच्या हातून पाठवते. ती चहाला थांबली तर ती गेल्यावर उघडा.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कश्मिराने तुमच्याकडे 'बरं' हा शब्द तुमच्या अक्षरात लिहून मागितला आहे. बाबांचा शेवटचा शब्द म्हणून तो ती मनगटावर गोंदवून घेणार आहे. तुमचं म्हणणं असं, की 'कसे आहात' विचारलं तर पुरुषमाणूस 'बरा आहे' म्हणेल, नुसतं 'बरं' कशाला म्हणेल? पोरीने नीट ऐकलं तरी का? आणि ती वीस तारखेला पुण्याला आली की तुम्ही तिलाच विचारणार आहात.

विचारू नका. का ते सांगते, पण मला सरळ तिथे जाता येत नाही. आधी थोडं इथलं लिहिते.

घर जुलैअखेर सोडायचं आहे. माझा व्हिसा शिरीषच्या नावावर होता. तो संपला की मी इथली कुणी नाही. (तुमच्यासमोर मी त्याला अहो-जाहो करत असे. घरात आम्ही एकेरीच होतो. आता तसंच लिहिते, रागावू नका.) फर्निचर गेलं. शाळेतल्या प्रयोगशाळेची एक जुनी किल्ली माझ्याकडेच राहिली होती, ती नेऊन दिली. आता तिथे असलेली मुलगी म्हणाली, मॅडम, ते कपाट केव्हाच बदललं. तरी मी किल्ली ठेवून आले.

तंबू, गॅसची शेगडी आणि घडीच्या खुर्च्या दत्तप्रसादला दिल्या. हा मालवणकडचा. इथे पाण्याचा टँकर चालवतो, हिवाळ्यात वाळवंटातल्या तंबूंना पाणी पोचवतो. शिरीषची आणि त्याची तिथेच ओळख झाली. तंबू उचलताना म्हणाला, "वयनी, ह्यो मी लावूचंय नाय. नुसतो ठेवतलंय." मी म्हटलं, लावत जा, नाहीतर घडीवर घडी चिकटून कापड वाया जाईल. गाडीत ठेवताना मात्र त्याने तो दोन्ही हातांवर आडवा धरला होता.

तुम्ही आमच्याकडे आलात तो हिवाळा आठवतो? कश्मिरा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. इथले लोक वस्तीबाहेरच्या उघड्या वाळवंटाला 'बर्र' म्हणतात. थंडी पडली की सगळं बहरीन बर्रला जातं. शिरीष दारातून आत आला आणि तुम्हाला विचारलं, "ताई, बर्र?" तुम्ही पोळी लाटता लाटता म्हणालात, "बरं." तो हसत हसत खालीच बसला. तुम्हाला कळेना काय विनोद झाला ते. मग कळल्यावर तुम्ही त्याला लाटणं दाखवलंत.

त्या दिवसापासून घरात तेच चाललं. सुट्टीच्या आदल्या दिवशी ऑफिसातून आला की बूटही न काढता विचारायचा, "बर्र?" आणि आतून आम्ही दोघी म्हणायचो, "बरं." पुढे कश्मिरा सगळी उत्तरं इंग्रजीत द्यायला लागली, तेव्हाही हे एक उत्तर तिने मराठीत ठेवलं.

पण शिरीषचं बर्रला जाणं इतरांसारखं नव्हतं. सीझनमध्ये तिथे नोंदणी करून रांगेने तंबू लागतात. झेंडे, दिव्यांच्या माळा, जनरेटर, वाळूत गाड्या उडवणारी पोरं, उशिरापर्यंत गाणी. तो म्हणायचा, हे तर अमवाजची झगमगती वस्तीच उचलून इथे आणून ठेवलीय. त्याला जिथे नळ नाही, दिवा नाही, शेजारी नाही आणि कुणाला पैसे द्यायचे नाहीत अशी जागा हवी असे. एवढ्याशा बेटावर अशी जागा उरली कुठे? तरी शोधायचा. उपग्रहाचा नकाशा उघडून बसायचा. पाइपलाइन कुठून जाते, राखीव रानाचं कुंपण कुठे वळतं, कुंपणाबाहेर खडकाशेजारी एक बाभूळ आहे तिची सावली दुपारी कुठे पडते, हे सगळं बघायचा. त्या बाभळीखालून कुंपणापलीकडची हरणं दिसतात.

मी म्हणायची, "घरात तीन बाथरूम आहेत आणि तू फुकट झोपायला जागा शोधतोयस."

"फुकट नाही गं. मोकळी."

"मोकळी म्हणजे संडास नसलेली."

"तेच ते."

हे वेड कश्मिराने घेतलं आणि अमेरिकेत नेलं. तिथे कोलोरॅडोत तिला रानच्या रान मिळालं. सरकारी जंगलं आहेत. पैसे भरायचे तळ वेगळे, पण ते सोडून आत कुठेही, नियम पाळून, तंबू टाकता येतो. पाटी नाही, पाणी नाही, आरक्षण नाही. कुठे चालतं आणि कुठे नाही हे वनखात्याच्या नकाशावरून ज्याचं त्याने शोधायचं. दर रविवारी बाप-लेकीचा फोन. ती तिच्या जंगलाचा नकाशा पाठवायची, तो त्याच्या वाळवंटाचा. "बाबा, लुक फॉर द फायर रिंग." म्हणजे जिथे आधी कुणी उतरलं आहे, दगडांची चूल मांडलेली आहे, तिथेच उतरायचं. नवी जमीन तुडवायची नाही. ओढ्यापासून लांब राहायचं. वाळक्या झाडाखाली झोपायचं नाही. आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचं, म्हणजे निघायची वेळ आली तर वळवत बसावं लागत नाही.

मी आतल्या खोलीतून ऐकत असे. दोघांत दुसरं काही बोलणं नव्हतं. नोकरी, लग्न, तब्येत, काही नाही. ते मी विचारायची आणि ते तिला टोचायचं. त्याला ती जागा सांगायची.

तीन वर्षांपूर्वी आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने आम्हाला अशाच एका ठिकाणी नेलं. डांबरी रस्ता संपला, मातीचा संपला, मग गवतात चाकांच्या नुसत्या खुणा. झाडं एवढी उंच की मान दुखते. तिने माझ्या हातात एक छोटं फावडं दिलं आणि झाडीकडे बोट केलं. "आई, दॅट वे." बी.एस्सी. झालेल्या, जन्मभर वर्गाला शिस्त लावलेल्या बाईला साठीत हे शिकायला लागलं. मी तक्रार केली. भरपूर केली. पण सकाळी तंबूतून बाहेर आले तर शिरीष त्या दगडांच्या चुलीपाशी मांडी घालून बसला होता. इथे तो कुठेही बसला तरी थोडा कडेला बसतो, कुणी येऊन उठवेल असा. बसायचा. तिथे तो मधोमध बसला होता. मी चहा मागितला नाही, परत आत गेले.

ह्या जूनमध्ये पुन्हा तिथेच जायचं ठरलं होतं. फेब्रुवारीत त्याची अँजिओप्लास्टी झाली, ते तुम्हाला माहीत आहे. मार्चमध्ये कश्मिराने स्वच्छ सांगितलं, "बाबा, नो. नो सिग्नल देअर. हॉस्पिटल इज टू अवर्स. आय कान्ट." तिचं बरोबर होतं. मी तिच्याच बाजूने होते, आणि इथेही एकट्याने बर्रला जायचं नाही असं मी त्याला बजावलं होतं. तो म्हणाला, "ठीक." त्यानंतर नकाशे बंद झाले. रविवारी फोन यायचा, पण दोघं हवामानावर बोलायचे. तिच्याकडे बर्फ, इथे धूळ.

ईदनंतरच्या शनिवारी तो म्हणाला, मआमीरला टायर बघून येतो. मआमीरला गॅरेजं आहेत, त्यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. थर्मास घेऊन निघाला तेव्हा मी म्हटलं, "टायरला चहा लागतो का?" "मला लागतो," तो म्हणाला. हे आमचं शेवटचं बोलणं. ह्यात गोंदवण्यासारखं काही नाही.

तो मआमीरला गेला नाही, दक्षिणेला गेला. सीझन संपलेला, सगळे तंबू निघालेले. म्हणजे त्याच्या मते आता कुठे जागा मोकळी झाली होती. तंबू न्यायचा नाही, चटई न्यायची, मग ते कॅम्पिंग होत नाही आणि नियमही मोडत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं असणार. त्याच बाभळीखाली बसला. दुपारी चारच्या सुमाराला त्याने कश्मिराला फोन लावला.

तिथे सकाळ होती. ती सुट्टीची तिच्या जंगलात गेली होती, त्याच चुलीच्या जागी. एरवी तिथे फोन लागत नाही. वरच्या खडकावर चढलं की थोडं सिग्नल येतं, आणि ती नेमकी तेव्हा तिथे उभी होती. ती म्हणाली, "बाबा, व्हेअर आर यू? यू ओके?" त्याने एक शब्द उच्चारला. तिने ऐकला, 'बरं'. पुन्हा एकदा तोच शब्द. मग लाइन गेली. तिने परत लावून पाहिला, लागला नाही. खडकावरून उतरली आणि कॉफी करायला बसली.

अंधार पडायला आला तरी हा घरी नाही, फोन उचलत नाही. मी दत्तप्रसादला बोलावलं. आम्ही मआमीरची गॅरेजं पालथी घातली. राहील नावाचा एक टायरवाला आहे, शिरीष नेहमी त्याच्याकडे जायचा. तो म्हणाला, "आज तो आएही नहीं, मॅडम." मी कश्मिराला फोन लावत राहिले. लागला तेव्हा ती म्हणाली, "आई, रिलॅक्स. ही कॉल्ड मी. ही सेड बरं." माणूस बरं म्हणालाय, म्हणजे कुणाकडे तरी पत्ते खेळत बसला असेल. आम्ही त्याच्या मित्रांची दारं वाजवत फिरलो. तंबू घरातच होता, म्हणून बर्र माझ्या मनात आलं नाही.

सकाळी राखीव रानाच्या पहारेकऱ्याला गाडी दिसली. तिचं तोंड रस्त्याकडे होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

कश्मिरा आली, सगळं इथेच केलं, ते तुम्हाला कळवलंच होतं. तेराव्याला मंडळातली माणसं आली होती, ऑफिसातली आली होती. कुणीतरी तिला वडिलांविषयी बोलायला सांगितलं. ती इंग्रजीत बोलली. तो शब्द तेवढा मराठीत सांगितला, आणि जसा ऐकला तसाच म्हणून दाखवला. र वर थांबली. र लांबवला. "ही वॉज टायर्ड," म्हणाली, "ही काइंड ऑफ ड्रॅग्ड इट."

वन्सं, तो थकल्यामुळे लांबला नव्हता. ते दोन र होते.

तिने विचारलं होतं, कुठे आहात. त्याने उत्तर दिलं. एवढी वर्षं ती दोघं एकमेकांना जागाच सांगत आली होती. त्याने दोनदा जागा सांगितली.

खोलीत हे दोघांनाच कळलं, मला आणि दत्तप्रसादला. त्याच्याकडे बरं म्हणायचं तर 'बरां' म्हणतात, त्याला हा र लगेच वेगळा लागला असेल. निघताना चपला घालायला वाकला आणि तसाच खाली बघत म्हणाला, "वयनी, सायबांनी बर्र सांगितल्यानी. चेडवाक कळता नये."

"पोरीला काय सांगायचं आणि काय नाही ते मला कळतं."

"तुमी तोंडार बोलतास, म्हणान सांगलंय," तो म्हणाला आणि गेला.

डॉक्टरांना मी वेळ विचारली होती. झटका चारच्या आधीच आला असणार, पण सूर्य मावळेपर्यंत तरी होता, म्हणाले. मआमीरपासून ती बाभूळ अर्ध्या तासावर आहे. हे फक्त मला माहीत आहे, आता तुम्हाला.

मी पुष्कळ प्रयत्न केला वेगळं समजायचा. नेहमीसारखं गमतीने विचारलं असेल, "बर्र?" म्हणून. तिने 'बरं' म्हणावं म्हणून थांबला असेल. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेशी ते जुळत नाही, आणि न जुळणारं मी वहीत लिहू दिलेलं नाही कधी कुणाला.

मला फोन केला असता तर मला कळलं असतं. नुसत्या श्वासावरून कळलं असतं. मला केला नाही, कारण मी ओरडले असते. ओरडले असते आणि गेले असते. हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

कश्मिराचं म्हणणं काय आहे ते ऐका. तिने त्याला जूनमध्ये येऊ नका म्हटलं, त्याचं ओझं तिच्या मनावर होतं. तिला वाटतं, फोन त्यासाठीच होता. त्याने शेवटी तिचं म्हणणं मान्य केलं, राग ठेवला नाही. "ही सेड बरं टू मी, आई. ही वॉज ओके विथ इट." ह्या एका शब्दावर ती जेवते आणि कामाला जाते. माझ्यापुढे कधी न रडणारी मुलगी हे सांगताना रडली, आणि रडून झाल्यावर तिचा चेहरा लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचा तसा झाला. मी तिला पाणी दिलं. म्हटलं, हो, बरंच म्हणाला असेल.

तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत. लग्नानंतरचं माझं पहिलं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत, आणि मी ते शिरीषच्या अंगावर फेकलं होतं, हे तुम्हाला आज सांगते. मी विज्ञान शिकवलं. मुलांची निरीक्षणं चुकली तर प्रयोग पुन्हा करायला लावायची, रडली तरी. आपण दोघीही चूक तशीच सोडणाऱ्या नाही. पण हा प्रयोग पुन्हा होणार नाही, आणि बरोबर उत्तर कळून तिला करायचं काहीच उरलेलं नाही. फक्त तो खडक, तो फोन आणि मग प्यायलेली कॉफी, हे सगळं तिच्यापाशी जन्मभर राहील.

गोंदवून झालं की ती त्या जागी जाणार आहे, चुलीपाशी. एकटी. मी नको म्हटलं नाही. तिथे सिग्नल नाही, हाक मारायला माणूस नाही. तिथे तिने मनगटाकडे पाहिलं तर काय दिसावं, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा शब्द लिहून द्या. फरक शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर आहे तेवढाच, टिंब की रफार. तुमचा हात आता थरथरतो, म्हणून आधीच सांगते. शाईचं पेन नको, जाड टोकाचं घ्या. टिंब गोल द्या. जरा ओढलं गेलं, आकड्यासारखं दिसलं, तर तो कागद फाडा आणि दुसरा घ्या. ती यायच्या आत लिहून ठेवा. तिने विचारलं, बरा की बरं, तर सांगा, आमच्या घरी पुरुष असंच म्हणतात. एकदा चुकीचं शिकवा.

तिच्यापुढे शिरीषचा विषय निघाला की मनसोक्त रडा. तुमचा धाकटा भाऊ होता. फक्त बर्रची ती जुनी गंमत सांगू नका. पोळी, लाटणं, काही नको. त्या फोनशी जोडून तिला ती अजून आठवलेली नाही असं मला वाटतं. आठवली नाही तर बरं.

हे पत्र तपासून परत पाठवू नका. वाचून फाडून टाका.

टिंब तुम्ही द्या. रफार माझ्याकडे राहू दे.

तुमची,
उल्का